अडतीस ठोक्यांची राणी

आमच्या सायकल गटात एक पद्धत होती. सकाळी जाग आली की अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर बोटं ठेवायची, घड्याळ लावून मिनिटभर नाडी मोजायची आणि आकडा गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा. आठवड्यात ज्याचा आकडा सगळ्यांत कमी तो राजा किंवा ती राणी, आणि रविवारच्या फेरीत त्या माणसाचे तर्री-पोहे बाकीच्यांकडून. नियमित सायकल चालवणाऱ्याचं हृदय दमदार होतं, ते कमी ठोक्यांत काम भागवतं, असं कुणीतरी वाचलं होतं. ते खोटंही नाही. आम्ही त्याची स्पर्धा केली, तेवढीच आमची अक्कल.

गेल्या उन्हाळ्यापासून मी सलग राणी होते. आधी पन्नास, मग सेहेचाळीस, बेचाळीस, आणि श्रावण लागला तेव्हा अडतीस. गटातली पंचविशीतली पोरं चाळिसाच्या खाली कधी गेली नाहीत. माझं वय एकोणपन्नास, आणि रोज सकाळी टाळ्या आणि मुकुटांची चित्रं माझ्या नावावर. मी फुशारले होते, खोटं कशाला बोलू? ज्या आकड्यासाठी मुकुट मिळत होता तोच आजार आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आता माझ्या डाव्या खांद्याजवळ, कातडीखाली पेसमेकर आहे. तपासणीला गेलं की बाकावर बसलेली नवी माणसं विचारतात, दुखतं का, झोप लागते का, काम करता येतं का. त्यांना सांगून सांगून जे जमा झालं ते इथे लिहिते आहे. डॉक्टरकीचं मला काही कळत नाही, त्यामुळे ते यात नाही.

शेवाळ

मी नागपुरात, सक्करदऱ्याला राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. माझे यजमान प्रकाश, म्हणजे आमचे 'हे', इतवारीत भांड्यांचं दुकान चालवतात. आठ वर्षांपूर्वी मुलगी शिकायला पुण्याला गेली, तिची गिअरची सायकल घरी राहिली, आणि तिथून माझं सुरू झालं. सोबतीला नंदा. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते आणि आमची मैत्री परकरपोलक्यापासूनची आहे.

आमची रीत ठरलेली. सायकलने डोंगराच्या पायथ्याशी जायचं, सायकली खाली साखळीने बांधायच्या, डोंगर चढायचा, उतरायचा आणि सायकलनेच घरी यायचं. पायथ्यापर्यंत मोटारीने गेलं तर डोंगर अर्धाच होतो, असं नंदाचं म्हणणं. अधूनमधून रविवारी रामटेक, आणि वर्षातून एकदा पचमढी, तिथला चौरागड. आमच्याकडचे लोक महादेवाला नवस बोलतात आणि खांद्यावर त्रिशूल घेऊन तो गड चढतात. नंदाच्या घरी बुद्धवंदना, माझ्या घरी महादेव. पायऱ्यांवर दम दोघींना सारखाच लागतो. ह्यांना यातलं काहीच पटायचं नाही. "पायऱ्याच चढाच्या आहेत तर घरचा जिना काय वाईट आहे वं?" असं म्हणायचे, आणि निघताना दोन्ही टायर दाबून हवा मात्र स्वतः बघायचे.

श्रावणातल्या एका रविवारी रामटेकच्या गडावर पायऱ्या चढता चढता मला समोरचं दिसेनासं झालं. दुखलं काही नाही. डोळे उघडले तेव्हा मी पायरीवर आडवी होते, कोपर सोललं होतं आणि नंदा बाटलीतलं पाणी माझ्या तोंडावर मारत होती.

"घरी सांगू नको वं," मी पहिलं हेच बोलले.

"काहून? बेशुद्ध पडली होती तू."

"सायकल बंद करतीन माही. अन् मंग पचमढी गेली."

नंदाने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, पण ती माझी मैत्रीण आहे, ती गप्प राहिली. आम्ही तसेच पन्नास किलोमीटर सायकल हाणत परत आलो. मागून येणाऱ्या ट्रकांच्या रस्त्यावर मी पुन्हा पडू शकले असते. घरी सांगितलं, शेवाळावरून पाय घसरला. ह्यांनी हळद उगाळली, कोपराला लावली, वर जुन्या धोतराची पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी नाडी मोजली. अडतीस. मुकुट आला.

चौतीस

पुढचा महिना मी स्वतःला फसवण्यात घालवला. शिलाई मशीन चालवताना धाप लागायची, तर म्हणायचे पाळी जायचं वय आहे, असं होतंच. दुपारी डोळे मिटायचे, तर म्हणायचे नवरात्राची गर्दी आहे, थकवा येणारच. प्रत्येक तक्रारीला माझ्याकडे शिवून तयार कारण होतं.

मग एका दुपारी कापड बेतताना, हातात कात्री असताना पडले. माप द्यायला आलेल्या बाईंनी धरलं म्हणून कात्री लागली नाही. त्यांनीच रिक्षात घालून आमच्या ओळखीच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. मॅडमनी छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली आणि ती बराच वेळ बघत राहिल्या.

"नाडी चौतीस आहे," त्या म्हणाल्या.

मला आनंद झाला. खरंच सांगते, पहिल्या क्षणी मला आनंद झाला, कारण चौतीस म्हणजे गटातला विक्रम. मी म्हटलं, "मॅडम, मी सायकल चालवते. खेळाडूंची कमीच असते."

"खेळाडूंची कमी असते, पण खेळाडू कात्री हातात घेऊन पडत नाहीत. आता या खुर्चीवरून उठायचं नाही. मी गाडी बोलावते."

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. चौरागड सात वेळा चढलेल्या बाईला दोन माणसांनी खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं. खाली पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहून बघत होती आणि मला हसू येत होतं. भीती अजून पोचली नव्हती.

ती मोठ्या हॉस्पिटलात पोचली. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितलं की हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, खालचा कप्पा आपल्या मनाने कसाबसा चालतो आहे, आणि मशीन बसवावं लागेल. तोवर हे दुकानातून आले होते आणि नंदा शाळेतून.

"याआधी कधी चक्कर येऊन पडलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. सवय, दुसरं काय.

"पडली होती," नंदा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "रामटेकले, पायऱ्यांवर. बेशुद्ध होती. मी होती तिथं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शेवाळ होतं म्हणे ना," एवढंच बोलले आणि कागदांवर सह्या करायला गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

खिसा

अतिदक्षता विभागात हृदयाला आधार म्हणून तात्पुरती तार घालून दोन दिवस झोपवलं होतं. डोक्यावरच्या पडद्यावर आकडा दिसायचा आणि मी सवयीने तो वाचत राहायचे. सकाळी अंग पुसायला यायचे, मग रक्त काढायला, मग डॉक्टरांची फेरी, मग पाणचट डाळ आणि भात. माणसाचा दिवस दुसऱ्यांच्या वेळापत्रकाने चालला की एका बाजूने अपमान वाटतो आणि दुसऱ्या बाजूने सुटल्यासारखं वाटतं. भेटायची वेळ दहा मिनिटं. हे यायचे, पायाशी उभे राहायचे, "जेवली का?" विचारायचे आणि जायचे.

मला मरणाची भीती वाटली. ती सगळ्यांनाच वाटते, तिची लाज वाटून घेऊ नका. पण त्याहून जास्त भीती या गोष्टीची होती की मी गेले तर ह्यांच्याजवळ माझं शेवटचं बोलणं म्हणून ते शेवाळ उरेल.

ऑपरेशनला पूर्ण बेशुद्ध करत नाहीत. खांद्याजवळचा भाग बधिर करतात आणि तोंडावर हिरवं कापड टाकतात. कापडाखाली मी, आणि बाहेर माझा उजवा हात धरून एक वॉर्डातली मावशी. तिचं नाव मला अजून माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, "आता कातडीखाली छोटा खिसा करतोय, थोडा दाब जाणवेल."

"अस्तर लावता का?" मी कापडाखालून विचारलं. इतकी वर्षं ब्लाउजला मोबाइलचे खिसे लावते आहे, राहवलं नाही. डॉक्टर हसले, मावशी हसली. त्यानंतर माझं अंग सैल पडलं.

मशीन सुरू झालं आणि थोड्या वेळाने तळपाय गरम झाले. कितीतरी महिने ते गार होते, हे मला ते गरम झाल्यावर कळलं.

शेजारच्या खाटेवर काटोलकडची एक आजी होती. तिलाही तेच मशीन. तिने एकदा इकडेतिकडे बघून मला हळूच विचारलं, "हे चार्ज कराले प्लगमंदी बोट घालाव लागते काय वं बाई?" मी हसताना टाके ओढले गेले. मग तिला समजावलं की आतली बॅटरी पुष्कळ वर्षं चालते, आपण काही करायचं नाही. "मंग बरं हाय," ती म्हणाली, "आमच्या गावात लाइन लय जाते."

वेणी

घरी आले. डावा हात सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, असं बजावलं होतं. म्हणजे शिवण बंद, दोरीवर कपडे वाळत घालणं बंद, आणि स्वतःची वेणीही बंद. मुलगी आठ दिवस येऊन गेली. ती गेल्यावर पहिल्या सकाळी हे कंगवा घेऊन मागे बसले.

पातेल्यांच्या कडा तपासणारी ती बोटं. तीन पेड घालायला त्यांना पंधरा दिवस लागले, आणि वेणी शेवटपर्यंत डावीकडेच वळायची. रोज सकाळी वीस मिनिटं ते माझ्या मागे बसायचे, पण बोलायचे नाहीत. मी न्हाणीघरात गेले तर हे दाराबाहेर खाकरत उभे. नंदा आली की चप्पल घालून बाहेर. दुकानाच्या शटरचं जुनं जाडजूड कुलूप त्यांनी माझ्या सायकलला लावलं आणि त्याची किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

एका सकाळी वेणी चालू असतानाच मी म्हटलं, "एकदा रागवून घ्या, सुटेन."

कंगवा थांबला. "तू पडली याचा राग नाही मले," ते म्हणाले. "माणूस पडतेच. तू पडली होती अन् मी हळद लावून राहिलो होतो, शहाण्यासारखा. त्याचा आहे."

मी रडले आणि चुकले असं म्हटलं. त्यांनी पेड पूर्ण केले, रबर लावलं आणि दुकानात गेले. घरच्यांना ताप नको म्हणून आजार लपवणारे पुष्कळ असतात. त्यांना एवढंच सांगते की मी ताप वाचवला नव्हता, सायकल वाचवली होती. बहुतेकांचं तसंच काहीतरी असतं.

या दिवसांत एक बरी गोष्ट झाली. मशीनच्या जागेवर ब्लाउजची पट्टी आणि मोटारीचा बेल्ट घासायचा, म्हणून उजव्या हाताने, हळूहळू, मी मऊ सुती कापडाची कापूस भरलेली एक छोटी गादी शिवली. पहिल्या तपासणीला काटोलची आजी भेटली, तिला तशीच एक दिली. आता पिशवीत नेहमी चारपाच असतात, बाकावर ज्याला हवी त्याला.

किल्ली

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली. "चालवा, डोंगरही चढा, हळूहळू. पण काही वाटलं तर तिथल्या तिथे थांबायचं आणि बरोबरच्याला सांगायचं," ते म्हणाले. शेवटचं वाक्य बोलताना ते ह्यांच्याकडे बघत होते.

मग रोज सकाळी मी किल्ली मागायचे, हे खिशातून काढून द्यायचे, आणि मी घराजवळच्या तलावाला फेऱ्या मारून आले की हात पुढे करायचे. किल्ली परत खिशात. एकोणपन्नास वर्षांची बाई शाळेतल्या पोरीसारखी किल्ली परत करते याचा मला संताप यायचा. पण भरवसा मीच मोडला होता, मग संताप गिळायचे.

गटातली नाडीची स्पर्धा बंद झाली. माझं मशीन ठोके साठाच्या खाली जाऊ देत नाही, त्यामुळे राणीपद कायमचं गेलं. ज्या तिघांचे आकडे फार कमी होते ते मुकाट्याने डॉक्टरकडे जाऊन आले. तिघेही ठणठणीत निघाले.

जानेवारीत हे संध्याकाळी घरी आले ते हातभर लांबीचा लोखंडी त्रिशूल घेऊन.

"तुले आत नेलं तव्हा बोललो होतो," भिंतीकडे बघत म्हणाले. "आता वाहाव लागन."

"तुम्ही? चौरागडावर?"

"घरच्या जिन्यावर वाहून चालते काय?"

पायऱ्या

महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो. मी आणि नंदा सायकलवर, हे मागून मोटारीत सामान घेऊन. सावनेर, सौंसर, मग सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, तामिया. एरवी जे दोन दिवसांत करायचो त्याला चार घेतले. दर वीसेक किलोमीटरवर मोटार पुढे जाऊन झाडाखाली उभी असायची आणि हे बाटली घेऊन. नंदाशी ते अजून कामापुरतंच बोलत होते. रोज मुक्कामाला दोन्ही सायकली एका साखळीत बांधायचे, तेच शटरचं कुलूप लावायचे, आणि किल्ली खिशात.

पाचव्या दिवशी सकाळी चौरागडाच्या पायथ्याशी सायकली बांधल्या आणि चढायला लागलो. ह्यांच्या खांद्यावर त्रिशूल. शंभर पायऱ्यांत त्यांचा शर्ट भिजला, पण तोंडातून तक्रार नाही. मी हळू चढत होते, मोजून थांबत होते. वरचं देऊळ दिसायला लागलं. आणखी दोनेकशे पायऱ्या असतील.

तिथे मला हलकं वाटलं. डोळ्यांपुढे काळं आलं नाही, पण कडेने जरा अंधुक झालं. आणि माझ्या मनात काय आलं तेही सांगते: काही नाही, होईल कमी, दोनशेच तर आहेत. श्रावणात जे मन बोललं होतं तेच मन. मशीन बसवलं म्हणून ते बदललं नव्हतं. मी आणखी तीन पायऱ्या चढले.

चौथीवर बसले. "अहो," मी म्हटलं, "मले गरगरून राहिलं."

हे वळले. नंदा वरून धावत खाली आली. मला वाटलं आता आरडाओरडा होईल, डोली येईल, पचमढी कायमची बंद होईल. ह्यांनी त्रिशूल पायरीवर ठेवला, माझ्या शेजारी बसले आणि पाण्याची बाटली उघडून दिली. मी पाणी प्यायले, गूळ खाल्ला. अर्ध्या तासात सगळं स्वच्छ झालं. नागपूरला परतल्यावर तपासणी केली तेव्हा मशीन ठीकच निघालं. त्या सकाळी मी पाणी फार कमी प्यायले होते, इतकंच. पण ते नंतर कळलं. तेव्हा पायरीवर आम्हाला कुणालाच काही माहीत नव्हतं.

"वर जाचं का खाली?" ह्यांनी विचारलं. "तूच सांग. तू सांगशीन तसं."

मी देवळाकडे पाहिलं. फार जवळ होतं. "मी इथंच बसते," मी म्हटलं. "तुम्ही वाहून या."

त्यांनी नंदाकडे पाहिलं. पाच महिन्यांत मला सांभाळायला त्यांनी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. "नंदा, आहे ना तू इथं?"

"आहो ना इथंच, भाऊजी."

"मंग ठीक आहे."

ते उठले, त्रिशूल खांद्यावर घेतला. दोन पायऱ्या चढले आणि परत खाली आले. खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "वाकताना पडन," म्हणाले, "ठेव तुह्यापाशी."

आम्ही दोघी बसून बघत होतो. भांड्यांचा दुकानदार, गुडघ्यावर हात ठेवत, दर वीस पायऱ्यांनी थांबत, एकटा वर गेला. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

उतरून खाली आलो तेव्हा ह्यांचे पाय लटपटत होते. सायकलींजवळ पोचलो. मी सवयीने किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. रुमालाने मान पुसत बाजूला उभे राहिले. कुलूप मी उघडलं.